अंगणवाडीला दुसरी सेविका हवी

बेंगळुरूच्या दक्षिणेला जे. पी. नगरात मराठी घरं बरीच आहेत. पुण्याहून, नागपूरहून, सोलापूरहून नोकरीसाठी आलेली तरुण जोडपी तिथल्या निरनिराळ्या फेजमध्ये स्थिरावतात, आणि मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की घरात एकच विषय निघतो: प्लेस्कूल कुठलं? वर्षाची फी सहज लाखाच्या घरात जाते. संध्याकाळपर्यंत डे-केअर हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. हा खर्च आपण आपल्या खिशातून करतो, सरकारचा त्याच्याशी काही संबंध नाही, असंच बहुतेक आईबाप धरून चालतात.

पण संबंध असतो. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दोन मुलांच्या शिक्षण शुल्कावर वजावट मिळते, आणि प्लेस्कूल-नर्सरीची फीसुद्धा त्यात बसते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या पालकाने एक लाख रुपये फी या वजावटीत दाखवली, तर उपकर धरून त्याचा ३१,२०० रुपये कर वाचतो. जे पैसे तिजोरीत यायचे होते ते सरकारने सोडून दिले, म्हणजे हिशेबाने पाहिलं तर ते त्या मुलावर खर्च केले. नव्या करपद्धतीत ही सोय नाही, आणि अनेकांची दीड लाखाची मर्यादा भविष्य निर्वाह निधीतच संपून जाते, हे खरं. तरी ज्याला ती मिळते त्याच्यासाठी रक्कम मोठी आहे.

आता त्याच भागातलं दुसरं मूल पाहू. रागीगुड्ड्याचं आंजनेय मंदिर सगळ्या शहराला ठाऊक आहे. त्याच परिसरातल्या वस्तीतून रोज सकाळी बायका आजूबाजूच्या इमारतींमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाक करायला निघतात. त्यांच्या मुलांसाठी सरकारची एकच जागा आहे, ती म्हणजे अंगणवाडी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या योजनेला २१,९६० कोटी रुपये दिले गेले. लाभार्थी किती, हे अर्थमंत्र्यांनी त्याच भाषणात सांगितलं होतं: ८ कोटींहून अधिक मुलं, १ कोटी गरोदर आणि स्तनदा माता, सुमारे २० लाख किशोरवयीन मुली. भागाकार केला की माणशी वर्षाला साधारण २,४०० रुपये येतात, दिवसाला साडेसहा. जेवण, सेविकेचं मानधन, खोलीचं भाडं, खेळणी, वजनकाटा, मोबाईल, सगळं यात आलं. राज्य आपले पैसे वेगळे घालतं. कर्नाटकाने केंद्राच्या दुप्पट भर घातली असं धरलं, तरी आकडा साडेसात हजारांच्या आतच राहतो.

एका मुलासाठी सोडून दिलेले ३१ हजार आणि दुसऱ्यासाठी मोजून दिलेले सात हजार. ज्यांना करसवलत मिळते त्यांनी ती घेतली यात काही गैर नाही. पण लहान मुलांवरचा सरकारी खर्च म्हणजे गरिबांना दिलेली मदत, ही समजूत या हिशेबापुढे टिकत नाही. आणि ही मदत तरी केवढी? एकूण अर्थसंकल्प होता ५०.६५ लाख कोटींचा. त्यातल्या शंभर रुपयांपैकी सहा वर्षांखालच्या मुलांच्या या सर्वांत मोठ्या योजनेच्या वाट्याला आले ४३ पैसे.

एवढे थोडे पैसे का, याचं उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली आला तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल त्याच्या अकराव्या कलमात सरकार पूर्वशिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’ अशा मोघम भाषेत सांगितलं आहे. केली नाही तर कोर्टात जाता येत नाही. राज्यघटनेचं कलम ४५, २००२ च्या ८६व्या दुरुस्तीनंतर, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण ही सरकारच्या प्रयत्नाची बाब मानतं. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, हक्क नाही. याउलट जेवणाचा हक्क पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून अन्न अधिकाराच्या खटल्यात एकामागून एक आदेश दिले, २००६ मध्ये देशभर १४ लाख अंगणवाड्या उभारायला सांगितलं, आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्क दिला. जिथे कायद्याचा धाक आहे तिथे पैसा पोचतो. म्हणून अंगणवाडी आज प्रामुख्याने खाऊ देणारी जागा झाली आहे.

तो खाऊही तुटपुंजाच. साध्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे १२, गरोदर आणि स्तनदा आईमागे साडेनऊ. हे दर २०१७ साली ठरले. ते वाढवू, असं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर करावं लागलं, इतकी वर्षं ते जागचे हलले नव्हते. बेंगळुरूत एक अंडं सहा-सात रुपयांना पडतं. डाळ, तांदूळ, तेल, भाजी, सगळं आठ रुपयांत बसवायचं. कर्नाटकाने यात स्वतःची भर घातली, त्याचं श्रेय त्या राज्याला द्यायला हवं: २०१३ पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेतून दूध, २०१७ पासून ‘मातृपूर्ण’मधून गरोदर आणि बाळंत बायकांना अंगणवाडीतच शिजवलेलं दुपारचं जेवण. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कर्नाटकात पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. महाराष्ट्रात ३५.२. फरक जवळजवळ नाहीच.

आपल्या भाषेत या विषयाचा इतिहास मोठा आहे, आणि तो इथे आठवायला हवा, कारण त्यात आजच्या अडचणीचं उत्तर आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीत नेली, एखाद्या घराच्या अंगणात भरवली. अंगणवाडी जन्मली ती अशी. पुढे १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये गेल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आठ-नऊ वर्षांच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड असायचं. आई मजुरीला गेलेली, मग बाळ सांभाळणार कोण? म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. बाळ पाळणाघरात, मधलं मूल बालवाडीत, मोठी बहीण वर्गात. हीच विकासवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणशाळा काढली. मूल ज्या घरातून येतं त्या घराचा दिवस कसा जातो हे आधी पाहायचं आणि मग शाळेची वेळ ठरवायची, हा त्यांचा क्रम होता.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रातून मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी, कर्नाटकातून म्हैसूर जिल्ह्यातलं टी. नरसीपूर. सरकारने अंगणवाडी हे नाव घेतलं, अंगण घेतलं, पण त्यातलं पाळणाघर आणि भरपूर माणसं मागे राहिली. एका सेविकेवर सहा सेवा टाकल्या: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि मातांना पोषणाचं शिक्षण. मदतनीस आहे, पण तिचा दिवस स्वयंपाक, झाडलोट आणि मुलांना घरून आणण्यात जातो. २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲपवर रोजच्या नोंदीही आल्या. त्यातून उरलेल्या वेळात शिकवायचं.

या कामाचा मोबदला पाहा. केंद्राने सेविकेचं मानधन ऑक्टोबर २०१८ मध्ये ३,००० वरून ४,५०० केलं आणि ते तिथेच थांबलं. त्यातलाही केंद्राचा वाटा साठ टक्के, म्हणजे २,७००. बाकीचं राज्यांनी घालायचं. कर्नाटकात भर धरून हातात बारा हजारांच्या आसपास पडतात. महाराष्ट्रातल्या सेविका डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या तो संप पन्नास दिवसांच्या आसपास चालला. त्यांना कर्मचारी म्हणायचं नाही, मानसेवी म्हणायचं, असा सरकारचा जुना हट्ट आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला तेव्हा निदान एका बाजूने त्यांचं काम नोकरी ठरलं.

आता पैसे कुठे घालावेत हा प्रश्न. याचं मला पटलेलं सर्वांत नेमकं उत्तर तमिळनाडूतून आलं आहे. अलेहांद्रो गॅनिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या ३२० अंगणवाड्या घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या निम्म्या अंगणवाड्यांत अर्धवेळ काम करणारी एकेक जादा सेविका नेमली. तिचं काम एकच: मुलांना शिकवणं. नवी इमारत नाही, महागडी साधनं नाहीत, परदेशी अभ्यासक्रम नाही. दीड वर्षाने पाहिलं तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, गणित आणि भाषा दोन्हींत मुलं ठळकपणे पुढे गेली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ सेविकेला आहार आणि आरोग्याकडे पाहायला सवड मिळाली आणि मुलांमधला खुजेपणा आणि तीव्र कुपोषण कमी झालं. म्हणजे शिकवायला माणूस दिला आणि वजनही वाढलं. या मुलांच्या पुढच्या आयुष्यातल्या कमाईचा अंदाज धरून संशोधकांनी फायदा खर्चाच्या १३ ते २१ पट काढला. हा अंदाज आहे, आणि अंदाज चुकू शकतो. पण तो निम्म्याने चुकला तरी इतका परतावा देणारी सरकारी योजना शोधून सापडणार नाही.

लहान वयातल्या खर्चाचं मोल सांगताना जगभर अमेरिकेतल्या पेरी प्रीस्कूलचा दाखला दिला जातो. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरांतल्या १२३ मुलांपैकी ५८ जणांना उत्तम बालवाडी मिळाली, त्यांचा पुढे चाळिशीपर्यंत माग काढला गेला, आणि नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी त्या खर्चावर वर्षाला सात ते दहा टक्के परतावा मोजला. आपल्याकडच्या भाषणांतही हा आकडा ऐकू येतो. पण तिथे पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक होता आणि तो आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलत होता, हे भाषणांत येत नाही. परतावा त्या माणसांमुळे आला. पंचवीस-तीस मुलांमागे एक सेविका ठेवून तोच आकडा सांगणं म्हणजे ऐकणाऱ्यांची दिशाभूल आहे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने उलट बाजूचा धडा दिला. १९९७ मध्ये तिथे दिवसाला पाच डॉलरमध्ये सर्वांसाठी पाळणाघरं सुरू झाली. हजारो आया कामावर जाऊ लागल्या, त्यांच्या करातून सरकारकडे चांगले पैसे परत आले. पण विस्तार इतक्या घाईने झाला की अनेक ठिकाणी दर्जा सांभाळला गेला नाही, आणि मुलांमध्ये चिडचिड आणि आक्रमकपणा वाढल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. जागा वाढवणं सोपं, सांभाळणारं शिकलेलं माणूस वाढवणं अवघड, आणि पैसा त्यावरच खर्चायला हवा.

माणसाइतकाच वेळेचा प्रश्न. कर्नाटकात अंगणवाडी सकाळी साडेनऊला भरते आणि दुपारी चारला सुटते. अनेक राज्यांपेक्षा हा वेळ जास्त आहे. पण जे. पी. नगरात घरकाम करणारी बाई सकाळी सातला पहिल्या घरी पोचलेली असते, कारण तिथल्या आईला नऊला ऑफिसला निघायचं असतं. दोन्ही आयांना एकाच वेळी मूल कोणाकडे तरी सोपवायचं असतं. एकीकडे डे-केअरचे पैसे आहेत, दुसरीकडे मोठी मुलगी. कोसबाडच्या पाड्यावर १९५७ मध्ये जी मुलगी शाळा बुडवून भाऊ सांभाळत होती, ती आजही बेंगळुरूत आहे.

कायद्यांनी पाळणाघर दिलं ते कारखान्याला. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात, २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनात ते सक्तीचं केलं. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा होता. पण चार घरांत एकटीने काम करणाऱ्या बाईची आस्थापना कुठली? तिच्यासाठी हे सारे कायदे मुकेच राहिले. कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरं जाहीर केली ती ४,००० ग्रामपंचायतींमध्ये, रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या बाळांसाठी. योजना फार चांगली आहे. शहरातल्या बाईला मात्र ती लागू नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड द्यायचं ठरलं: दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, पंचवीस मुलांसाठी. ताराबाईंची विकासवाडी ती हीच, पण १४ लाखांच्या आसपास अंगणवाड्यांपैकी सव्वा टक्क्यांना.

दरम्यान कर्नाटकात पैसा दोन खात्यांत वाटला जातोय. सरकारी शाळांमधून एलकेजी-यूकेजीचे वर्ग सुरू होताच जून २०२४ मध्ये अंगणवाडी सेविका रस्त्यावर उतरल्या. तीन ते सहाची मुलं शाळेत गेली तर आमच्याकडे कोण उरणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता. बेळगावच्या आमदार आणि महिला व बालविकास मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांनी अंगणवाडीतच हे वर्ग भरतील असं आश्वासन दिलं, आणि जुलैत बेंगळुरूतल्या २५० अंगणवाड्यांत ‘सरकारी माँटेसरी’ सुरू झाली. पालकांना इंग्रजी वर्ग हवेत, हे समजण्यासारखं आहे. मोलकरीण असलेल्या आईलाही तेच हवं असतं जे सोसायटीतल्या आईला हवं असतं. पण गणवेश आणि फळ्यावरची एबीसीडी आली म्हणून शिक्षण आलं असं होत नाही. तीन वर्षांच्या मुलाला गोष्ट ऐकवणारं, मातीत खेळू देणारं, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारं, त्याच्या कन्नडमध्ये, मराठीत किंवा उर्दूत बोलणारं माणूस लागतं. दोन खात्यांनी दोन वर्ग उघडण्यापेक्षा एका वर्गात दोन माणसं दिली तर मुलाचं भलं होईल.

याला किती पैसे लागतील, याचा ढोबळ हिशेब कठीण नाही. देशभरातल्या १४ लाख अंगणवाड्यांना अर्धवेळ दुसरी सेविका दिली आणि तिला महिन्याला ६,००० रुपये दिले, तर वर्षाला सुमारे १०,००० कोटी लागतात. प्रशिक्षण आणि देखरेखीचे वेगळे धरा. केंद्र आणि राज्यांनी मिळून उचलायचा हा खर्च २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाशी तोलला तर शंभर रुपयांमागे वीस पैसे भरतो. देशाला न परवडणारी ही रक्कम नाही. मागणारे कमी आहेत, कारण सहा वर्षांखालच्या मुलांचे आईबाप दोन-चार वर्षांत पालकांच्या या गटातून बाहेर पडतात आणि पुढच्या शाळेच्या चिंतेत गुंततात. आणि ज्यांचा आवाज सरकारपर्यंत पोचतो त्यांची मुलं अंगणवाडीत जातच नाहीत.

जे. पी. नगरातल्या मराठी कुटुंबांनी म्हणूनच एवढं करावं. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईचं मूल दिवसभर कुठे असतं हे विचारावं, जवळच्या अंगणवाडीत एकदा जावं, तिथे किती मुलांमागे किती बायका आहेत ते पाहावं, आणि आपल्या आमदाराला लेखी विचारावं की इथे दुसरी सेविका आणि सकाळी सातपासून उघडं पाळणाघर कधी मिळणार. पुढच्या अर्थसंकल्पात महिला व बालविकास मंत्रालयाच्या पानावर एकूण तरतूद वाढली का, एवढंच पाहू नका. सेविकेचं २०१८ पासून थांबलेलं मानधन हललं का, आणि माणसं वाढवायला वेगळे पैसे ठेवले का, ते वाचा.